‘पोरीले तर बोटबी नाही लावलं’: घरातील मारहाण पाहणाऱ्या एका मुलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम विदर्भातील कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातल्या एका गावातील आहे. ओळख पटेल असा सगळा तपशील बदलला आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार अशा प्रकरणातील बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे, आणि लहान गावात तर बापाचा धंदा आणि मुलीची इयत्ता एवढ्यावरूनही घर ओळखले जाते. मुलीला येथे प्राची, तिच्या आईला वंदना आणि धाकट्या भावाला छोटू म्हटले आहे. प्रस्तुत लेखकाचा या प्रकरणाशी संबंध समुपदेशक म्हणून आला.

प्राची त्या वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत होती. छोटू चार वर्षांचा असून अंगणवाडीत जात असे. वडिलांकडे तीन एकर कोरडवाहू वावर होते आणि हंगामात ते तालुक्याच्या जिनिंगमध्ये हमालीला जात. वंदना निंदण-वेचणीची मजुरी करी आणि गावातील बचत गटाची सदस्य होती. दोन खोल्या आणि पुढे सपरी असलेले घर आजोबांच्या नावावर होते. आजोबा हयात होते, पण दुसऱ्या मुलाकडे शेजारच्या गावी राहत असत.

लग्नाला बारा वर्षे झाली होती आणि मारहाण पहिल्या बाळंतपणानंतर सुरू झाली, असे वंदनाने नंतर सांगितले. गावात ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती असे नाही. गावाचा हिशेब असा होता की माणूस बाजाराच्या दिवशी, हातात चुकारा (मालाचे पैसे) पडला की पितो, पिऊन आला की बायकोवर हात टाकतो, लेकरांना मात्र काही करत नाही. या हिशेबातला शेवटचा भाग पुढे प्रत्येक टप्प्यावर आडवा आला, म्हणून तो आरंभीच नोंदवला आहे. ‘पोरीले म्या आजपर्यंत बोटबी नाही लावलं’ हे वडील पोलिसांना म्हणाले. ‘लेकरायले काही करत नाही न तो?’ हे गावातले तंटे मिटवणाऱ्या तंटामुक्त समितीतील एका ज्येष्ठाने विचारले. खुद्द वंदनाचाही धीर त्याच वाक्यावर टिकून होता: ‘पोट्ट्यायच्या अंगावर नाही जात ते, माह्याच अंगावर जाते.’ हे विधान शब्दशः खरे होते. प्राचीच्या अंगावर कधीही वळ उठलेला नव्हता.

शाळेत काय दिसत होते

प्राची वर्गातली समंजस मुलगी समजली जाई. गणित चांगले, अक्षर सुरेख, भांडण नाही, तक्रार नाही. तिच्याविषयी कोणाला काळजी वाटावी असे वरवर काही नव्हते, आणि अशा घरातील अनेक मुले नेमकी अशीच वाढतात. घरात मोठ्यांचा राग कधी उसळेल याचा अंदाज घेत जगणारे मूल बाहेरही कोणाला राग येणार नाही असे वागायला शिकते. मारकुट्या मुलाकडे शिक्षकांचे लक्ष जाते, पण या मुलीला शाबासकी मिळते आणि ती मागे राहून जाते.

तरीही काही खुणा होत्या. सपरीवर एखादी जड वस्तू पडली की ती दचके आणि आधी दाराकडे बघे. शालेय पोषण आहारातली खिचडी ती अर्धी डब्यात भरून घरी नेई. अंगणवाडी सुटली की छोटूला थेट शाळेच्या सपरीत आणून बसवी आणि मधल्या सुट्टीत त्याच्यापासून हलत नसे. पोट दुखते अशी तिची तक्रार वारंवार असे, त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातून दोनदा जंतनाशक गोळी मिळाली होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने शाळेत तपासणी केली तेव्हा वजन थोडे कमी, बाकी ठीक, अशी नोंद झाली. पथकाला दोष देता येत नाही, कारण त्यांना दाखवता येण्यासारखे शरीरावर काही नव्हतेच.

सर्वांत बोलकी खूण हजेरीपटात होती. तालुक्याचा बाजार बुधवारी भरे आणि प्राचीच्या गैरहजेऱ्या बहुतांश गुरुवारच्या होत्या. वेचणीच्या दिवसांत मुले दांडी मारतात हे शिक्षकांना सवयीचे असते, त्यामुळे ही गैरहजेरी त्याच खात्यात गेली. मात्र जून-जुलैत, वेचणीचा काही संबंध नसताना, गुरुवारच कसा रिकामा राहतो, हे वर्गशिक्षिकेच्या लक्षात आले आणि तिने मागचे महिने उलटून पाहिले. त्याच सुमारास एका बुधवारी शाळा सुटल्यावर प्राची घरी न जाता तिथेच रेंगाळली आणि म्हणाली, ‘मॅडम, आज शाळा उशिरापर्यंत ठेवता का?’

पहिला निर्णय: बापाला शाळेत बोलवायचे की नाही

शिक्षिकेने तिला लगेच खोदून विचारले नाही. छोटूला खडू-पाटी देऊन ती दोघांजवळ बसली आणि प्राची जे सांगेल ते ऐकत राहिली. प्राचीने त्या दिवशी फार थोडे सांगितले, पण त्यातले एक वाक्य या प्रकरणातील बहुतेक कागदपत्रांपेक्षा अधिक सांगणारे आहे: ‘बाबा पेऊन आले त समजते. नाही पेले त काहीच समजत नाही, तवा जास्त भेव लागते.’ गाव दारूचा हिशेब करत होते. मुलीचा अनुभव असा होता की मारहाण शुद्धीतही होते, पैशावरून होते, माहेरच्या फोनवरून होते, भाजीत मीठ कमी पडल्यावरूनही होते. दारू सुटली की सर्व सुटेल, या समजुतीवर पुढे जी तडजोड उभी राहिली तिचा पाया किती कच्चा होता, हे दहा वर्षांच्या मुलीला आधीच ठाऊक होते.

‘कोणाले सांगू नका’ असे प्राची म्हणाली तेव्हा शिक्षिकेने तसे वचन दिले नाही. मदत करू शकतील अशाच माणसांना सांगीन आणि सांगण्याआधी तुला सांगीन, असे ती म्हणाली. गुप्ततेचे वचन देऊन नंतर ते मोडणे हे अशा मुलांच्या वाट्याला वारंवार येते आणि त्यानंतर ती पुन्हा बोलत नाहीत.

आपल्या शाळांमध्ये रूढ मार्ग म्हणजे पालकाला बोलावून समज देणे. मुख्याध्यापकांचाही तोच विचार होता आणि त्यामागे हेतू चांगला होता. तसे केले असते तर मुलीने शाळेत तोंड उघडले हे वडिलांना त्याच दिवशी कळले असते, आणि संध्याकाळी त्याची किंमत वंदनाने चुकवली असती. शिक्षिकेने ते थांबवले आणि गावातील आशा स्वयंसेविकेशी बोलणे केले. आशाताईचे घर प्राचीच्या घरापासून तिसरे होते, आणि गरोदरपणापासून वंदना तिच्याशी मोकळेपणाने बोलत आली होती. 1098 या बालकांच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा की आधी आईशी बोलावे, यावर दोघींत चर्चा झाली. तातडीचा धोका दिसत नसल्याने आणि आईला न विचारता यंत्रणा दारात आणल्यास ती घाबरून सारे नाकारेल असे वाटल्याने त्यांनी आधी आईशी बोलायचे ठरवले. हा निर्णय बरोबर ठरला. मात्र त्याच दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी नाव न सांगता सल्लामसलत करता आली असती. ती झाली असती तर पुढचे तीन महिने या दोघींना एकट्याने निभवावे लागले नसते.

तडजोडीचा कागद

वंदनाशी बोलताना कळले की ती उन्हाळ्यातच तंटामुक्त समितीकडे जाऊन आली होती. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यात 2007 साली सुरू झाली आणि धुऱ्याचे (बांधाचे), वाटणीचे, किरकोळ भांडणाचे अनेक तंटे तिने गावातल्या गावात मिटवले, हे मान्य करायला हवे. नवरा-बायकोमधील मारहाण त्याच तराजूत तोलली गेली की मात्र गडबड होते. धुऱ्याच्या तंट्यात दोन्ही बाजू थोडे थोडे मागे सरकतात आणि विषय संपतो. मारहाणीत मार खाणाऱ्या बाईने किती मागे सरकावे?

समितीसमोर लिहिलेल्या कागदावर वडिलांनी दारू सोडण्याचे आणि वंदनाने ‘विनाकारण माहेरी न जाण्याचे’ कबूल केले होते. वंदनाकडे असलेला बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग त्या दुसऱ्या कलमाने बंद झाला. कागदावर मुलांचा उल्लेख नाही. समितीने मुलांविषयी एक प्रश्न विचारला होता, तोच वर नोंदवलेला, आणि त्याचे ‘नाही’ हे उत्तर मिळताच विषय पुढे गेला. पोळ्यापर्यंत दारू खरोखर कमी झाली. प्राचीच्या सांगण्याप्रमाणे भीतीचे दिवस मात्र वाढले.

दुसरा निर्णय: मुलीला काय शिकवायचे

तक्रार करण्यास वंदना अजून तयार नव्हती आणि तिच्यावर जबरदस्ती करण्यात अर्थ नव्हता. तोवर निदान मुले सुरक्षित राहतील अशी सोय आशाताई आणि शिक्षिकेने लावली. घरात आवाज वाढला की प्राचीने मध्ये पडायचे नाही; छोटूला घेऊन मागच्या दाराने आशाताईकडे यायचे; रात्री किती वाजले आहेत याचा विचार करायचा नाही. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, मुलांचे जन्मदाखले आणि राशनकार्डाची झेरॉक्स आशाताईच्या पेटीत ठेवण्यात आली.

प्राचीने हे ऐकून घेतले आणि नकार दिला. मी गेले तर माय एकटी राहील, असे तिचे म्हणणे होते. येथे मोठ्यांच्या लक्षात न आलेली एक गोष्ट पुढे आली. गेली दोन वर्षे प्राची भांडण वाढले की जागेपणी आईच्या आणि बापाच्या मधोमध जाऊन झोपत असे, कारण ती मध्ये असली की बाप हात आवरतो असा तिचा अनुभव होता. ‘पोरीले बोट नाही लावलं’ या वाक्याचा खरा अर्थ हा होता. बापाने तिला मारले नाही, कारण तिने स्वतःला आईसमोर ढालीसारखे ठेवले होते, आणि म्हणून गुरुवारी तिला झोप अनावर होत असे.

हे कळल्यावर योजना बदलावी लागली. मुलीला पळायला सांगून भागणार नव्हते. आईने तिला त्या जबाबदारीतून मोकळे करणे आवश्यक होते. आशाताईच्या घरी वंदनाने प्राचीला समोर बसवून सांगितले की छोटूला बाहेर नेणे हीच मला मोठी मदत आहे, मला वाचवणे हे तुझे काम नाही. वंदनाला हे बोलताना फार त्रास झाला. आपल्या आडोशाला आपली पोर उभी राहत होती, हे तिने प्रथमच स्पष्ट शब्दांत स्वीकारले आणि तक्रार करण्याचा विचारही तिच्या मनात तेथूनच सुरू झाला.

ऑक्टोबरमधील घटना

सोयाबीनचे पैसे हाती आल्यानंतर, बचत गटाचा हप्ता भरण्यावरून एका रात्री वाद झाला. त्या दिवशी वडील प्यायलेले नव्हते. काठीच्या फटक्याने वंदनाच्या डाव्या हाताचे हाड मोडले. प्राचीने छोटूला उचलले आणि मागच्या दाराने बाहेर पडली. आशाताईने 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला आणि शेजारच्या दोन बायांना घेऊन घर गाठले.

ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्याने एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, केली आणि क्ष-किरण तपासणीत हाड मोडल्याचे स्पष्ट झाले. पोलीस ठाण्यात सुरुवातीचा कल अदखलपात्र नोंद घेऊन दोघांना समज देण्याकडे होता. परंतु भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे हाड मोडणे ही ‘गंभीर दुखापत’ आहे. एमएलसीचा कागद समोर ठेवल्यावर कलम 117 आणि पती वा नातेवाइकांच्या क्रूरतेसंबंधीचे कलम 85 लावून गुन्हा नोंदवला गेला. रुग्णालयातून एमएलसी झाली नसती तर हा गुन्हा कदाचित कागदावर आलाच नसता.

त्याच रात्री प्राचीचा जबाब घेण्याची घाई झाली. मुलांशी संबंधित बाबींसाठी प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असावा, अशी तरतूद बाल न्याय अधिनियमाच्या कलम 107 मध्ये आहे. आशाताईने तेवढा एकच मुद्दा धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी, गणवेश न घालता आलेल्या महिला अधिकाऱ्याने आशाताईच्या घरी प्राचीशी बोलणे केले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिल्या दोन दिवसांत जे पर्याय मांडले गेले त्यांत प्रत्येकाचा आपापला तर्क होता. पुन्हा समिती बसवून मिटवावे, हा वडिलांच्या भावकीचा आग्रह होता. तो वंदनाने स्वतःच नाकारला. हिंसाग्रस्त स्त्रियांसाठीच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये आईला मुलांसह ठेवता येत होते, पण तेथील निवास मोजक्या दिवसांचा असतो आणि जिल्ह्याचे ठिकाण लांब होते.

मुलांची संस्थेत व्यवस्था करावी, ही सूचना अनेकांकडून आली. आपल्या भागात आश्रमशाळा आणि वसतिगृहे यांचा अनुभव जुना आहे, त्यामुळे ‘पोरगी हुशार आहे, वसतिगृहात टाका, शिकून जाईन’ हे वाक्य अगदी सहज येते. ते बोलणाऱ्यांना मुलीचे भलेच हवे होते. बाल न्याय अधिनियम मात्र संस्थेतील निवास हा शेवटचा उपाय मानतो. शिवाय येथे मारहाण करणारी व्यक्ती एक होती आणि सांभाळण्यास समर्थ अशी आई होती. मुलीला आईपासून तोडण्याचे कारण नव्हते. मुलांच्या काळजीविषयी निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीसमोर प्राचीला याविषयी विचारले गेले तेव्हा ती म्हणाली, ‘मी गेली त माय अन् छोटू एकटे राहतीन.’ तिला हलवले असते तर तिची झोप सुधारली नसती, फक्त ती दुसऱ्या ठिकाणी जागी राहिली असती.

मामाचे गाव चाळीस किलोमीटरवर होते आणि मामा दोघा मुलांसह बहिणीला न्यायला तयार होता. लगेचच्या सुरक्षिततेसाठी हा पर्याय सोपा होता. अडचण पुढे होती. वावरात पऱ्हाटी बोंडांनी लदलेली होती. पहिली वेचणी तोंडावर होती. बाई माहेरी गेली की पीक, घर, बचत गट आणि शाळा, सारेच तिच्या हातून सुटते. मारणारा घरात राहतो आणि मार खाणारे गाव सोडतात, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम आहे; तो बदलण्यासाठीच कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 मध्ये कलम 19 खाली निवासाचा आदेश आहे, ज्यात न्यायालय पुरुष प्रतिवादीला सामायिक घरातून बाहेर राहण्यास सांगू शकते.

शेवटी दोन पर्याय एकामागून एक वापरायचे ठरले: तूर्त मामाकडे आणि निवासाचा आदेश मिळताच परत आपल्या घरी. हा निर्णय वंदनाचा होता. यंत्रणेतील काहींना तो धोक्याचा वाटला, कारण बापाचे गाव तेच, भावकी तीच. वंदनाचे उत्तर असे की तिला मदत करणाऱ्या बायाही त्याच गावात आहेत.

प्रत्यक्ष कार्यवाही

2005 च्या अधिनियमाखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांनी कौटुंबिक घटनेचा अहवाल तयार केला. या अहवालाच्या विहित नमुन्यात मुलांविषयी रकाना आहे, पण त्यात नाव, वय, लिंग आणि सध्या कोणाजवळ राहतात, एवढेच विचारलेले असते. मुलांनी काय पाहिले आणि त्याचा त्यांच्यावर काय परिणाम झाला, यासाठी जागा नाही. संरक्षण अधिकाऱ्यांनी शिक्षिकेचे निवेदन, हजेरीपटाचा उतारा आणि समुपदेशनाची टिपणी स्वतंत्र पानांवर जोडली. हे छोटेसे काम निर्णायक ठरले. यामुळे प्राचीला न्यायालयात पुन्हा सर्व सांगावे लागले नाही. तोवर तिची तीच हकिगत शिक्षिका, आशाताई, पोलीस अधिकारी, डॉक्टर, समुपदेशक आणि बालकल्याण समिती यांना सांगून झाली होती.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत वकील मिळाला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ही माहिती गावात जवळजवळ कोणाला नसते. घर आजोबांच्या नावावर असल्याने सुनेचा त्यावर हक्क नाही, असा मुद्दा प्रतिवादीने मांडला. सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे की पतीच्या नातेवाइकांच्या मालकीचे घरही, तेथे संसार झालेला असल्यास, सामायिक घर ठरू शकते. त्या आधारावर आक्षेप टिकला नाही.

2005 च्या कायद्यात पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत लागावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात अंतरिम आदेशालाच पाचेक आठवडे लागले. आदेशाने वडिलांना त्या घरात, वंदनाच्या कामाच्या ठिकाणी आणि मुलांच्या शाळेत येण्यास मनाई केली. शाळेचा उल्लेख वकिलाने मुद्दाम मागितला होता. त्याच 2005 च्या अधिनियमाच्या कलम 18 मध्ये पीडित व्यक्ती बालक असल्यास तिच्या शाळेत प्रवेशास मनाई करता येते.

त्या पाच आठवड्यांत प्राचीची शाळा बुडण्याची वेळ आली होती. मामाच्या गावातील शाळेने दाखला सोडल्याचा कागद आणि वडिलांची सही मागितली. शिक्षणाच्या हक्काच्या 2009 च्या अधिनियमात कलम 5 खाली स्पष्ट आहे की दाखला मिळण्यास उशीर झाला या कारणावरून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र येईपर्यंत आठवडा गेला. तोवर आधीच्या शाळेतील वर्गशिक्षिका फोनवरून रोजचा अभ्यास देत राहिली.

बालकल्याण समितीने दोन्ही मुले आईच्या ताब्यात ठेवून देखरेखीचा आदेश दिला. वडिलांनी मुलांना मारले नाही, तेव्हा ही मुले ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली’ कशी, हा प्रश्न तेथेही निघाला. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 75 मध्ये बालकाला अकारण मानसिक किंवा शारीरिक यातना होईल असे वर्तन क्रूरतेत मोडते, आणि रात्र रात्र आईबापाच्या मध्ये पडून राहणाऱ्या मुलीच्या यातना मानसिक नाहीत असे कोणी म्हणू शकले नाही. मिशन वात्सल्य या सरकारी बालसंरक्षण योजनेतील प्रायोजकत्वासाठी, म्हणजे दरमहा ₹4,000 च्या साहाय्यासाठी, अर्ज करण्यात आला. राशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून वडिलांचे नाव आणि उत्पन्नाचा दाखलाही त्यांच्याच नावाचा, यामुळे तो काही महिने अडकून पडला.

परिणाम

वंदना आणि मुले डिसेंबरच्या सुरुवातीस घरी परतली. पहिली वेचणी हुकली होती. दुसरी बचत गटातील बायांनी मिळून काढून दिली. वडील भावाकडे राहू लागले. जानेवारीत एका रात्री ते घराच्या दारात येऊन ओरडले. आदेशाचा भंग हा 2005 च्या अधिनियमाच्या कलम 31 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, ही बाब पोलीस ठाण्यात पुन्हा समजावून सांगावी लागली, पण नोंद झाली. त्यानंतर ते आले नाहीत. फौजदारी खटला अजून चालू आहे. मध्यंतरी वंदना तो मागे घेण्याच्या विचारापर्यंत आली होती आणि पुन्हा येऊ शकते.

प्राचीची गुरुवारची गैरहजेरी थांबली. झोप सुधारायला तीन-चार महिने लागले. सुरुवातीस बाप घरात नसतानाही ती दाराजवळ अंथरूण टाकत असे. पोटदुखी कमी झाली, गेली नाही. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात नेण्यासाठी वंदनाचा एक दिवसाचा रोज आणि येण्याजाण्याचे भाडे जाई, म्हणून तेथील फेऱ्या लवकरच थांबल्या आणि त्याऐवजी समुपदेशकाची शाळाभेट ठरवली गेली. याच काळात तिचे वागणे थोडे बिघडले: ती भांडू लागली, एकदा वही फाडली, मॅडमला उलट उत्तर दिले. शाळेला ही घसरण वाटली. समुपदेशनाच्या दृष्टीने ही चांगली बातमी होती, कारण रागावले तरी काही मोडत नाही, हे ती करून पाहत होती.

छोटूचे काय, हा प्रश्न मात्र बराच मागे पडला. तो लहान आहे, त्याला काय कळते, असे धरले गेले. अंगणवाडीत तो इतर मुलांना मारू लागला आणि मारताना बापाचेच शब्द वापरू लागला, तेव्हा त्याच्याकडे लक्ष गेले.

वडिलांना भेटण्याचा विषय सर्वांत नाजूक होता. प्राचीला बाप नको होता असे नाही. मोटारसायकलवर पुढे बसवून वावरात नेणारा, तान्हा पोळ्याला लाकडी नंदीला रंग देणारा बापही तोच होता. न्यायालयाने संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, महिन्यातून दोनदा, देखरेखीखाली भेटीची परवानगी दिली. प्राचीने एक अट घातली: भेटीच्या वेळी आई खोलीत नको. आई समोर असली की दोघांच्या चेहऱ्यांवर लक्ष ठेवावे लागते, असे तिने सांगितले. अट मान्य झाली. पहिल्या दोन भेटी तिने स्वतःच अर्ध्यात संपवल्या, त्यानंतरच्या पूर्ण केल्या.

वेगळे काय करता आले असते

तंटामुक्त समितीसमोर वंदना आली तेव्हाच संरक्षण अधिकाऱ्यांना कळवले गेले असते, तर तिचा हात मोडण्याआधी पाच महिने हाती होते. समितीने मारहाणीची प्रकरणे मुळातच तडजोडीला घेऊ नयेत, असे लेखकाचे मत आहे. घेतलीच तर ‘लेकरांना मारतो का’ याऐवजी ‘मारहाण चालू असते तेव्हा लेकरे कुठे असतात’ हे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर या घरात ‘नाही’ असेच आले असते. दुसऱ्याचे उत्तर ‘मध्ये झोपलेली’ असे होते.

सरपंचांच्या अध्यक्षतेखालची ग्राम बाल संरक्षण समिती या गावात कागदोपत्री स्थापन झालेली होती आणि अंगणवाडी सेविका तिच्यात होत्या. तिची बैठक होत असती तर हजेरीपटातली गुरुवारची रिकामी घरे, आरोग्य केंद्रातील पोटदुखीच्या नोंदी आणि अंगणवाडीतले छोटूचे वागणे या तिन्ही गोष्टी एका टेबलावर आल्या असत्या. प्रत्येक गोष्ट कोणाला तरी ठाऊक होती. पोटदुखी घेऊन वारंवार येणाऱ्या मुलाला ‘रात्री झोप लागते का, घरी कोणाचे भेव वाटते का’ एवढे विचारण्यास आरोग्य केंद्रात दोन मिनिटे लागतात. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ असावा लागत नाही.

मामाच्या गावी जाण्यापूर्वीच शाळेच्या प्रवेशाचे पत्र घेऊन ठेवता आले असते. रुग्णालय, पोलीस आणि न्यायालय यांच्या धावपळीत शाळा शेवटी आठवली, आणि घर हरवलेल्या आठवड्यात मुलीची ओळखीची दुसरी जागाही गेली. छोटूची स्वतंत्र तपासणी पहिल्याच पंधरवड्यात व्हायला हवी होती. बालकल्याण समितीच्या आदेशात दोन्ही मुलांची नावे होती, पण काळजीची योजना एकीचीच लिहिली गेली.

प्रायोजकत्वाची पहिली रक्कम पुढच्या जूनमध्ये वंदनाच्या खात्यात जमा झाली. तोवर राशनकार्ड तिच्या नावाने विभक्त करून घेतले होते, कारण त्याशिवाय दुसऱ्या वर्षीचे नूतनीकरण पुन्हा तेथेच अडले असते.